शलमोन मिस्तरी आणि सावेडीची भिंत

नगरच्या बांधकामांवर शलमोन मिस्तरीबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. हा माणूस ओळंबा खिशात ठेवतो, पण बाहेर काढत नाही. भिंत चढत असली की तो दहा पावलं मागे जायचा, एक डोळा बारीक करायचा, मान मागे टाकून वरच्या थराकडे बघायचा आणि म्हणायचा, "डावीकडून तिसरी वीट, सुतभर आत." मग कुणीतरी हटकून ओळंबा सोडून बघायचं, आणि वीट खरोखरच सुतभर आत असायची. अशी माणसं फार झाली तर ओळंबे विकणाऱ्याने काय करावं, असा प्रश्न पडावा इतका त्याचा डोळा सरळ होता. त्याला स्वतःलाही त्याचा अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला मुळीच सवय नव्हती.

वय अठ्ठावन्न. राहायला भिंगारला, स्वतःच्या हाताने बांधलेल्या दोन खोल्यांत. घरी बायको मरिया. त्याचे काका मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि पुतण्यानेही मास्तर व्हावं अशी घरच्यांची इच्छा होती. पण पुतण्या वर्गात इतक्यांदा "का?" विचारायचा, की मास्तरांनीच एके दिवशी हात जोडले. नववीनंतर तो विटा-वाळूत रमला. तिथेही त्याचं "का" सुटलं नाही. वायरमन आला की वायर तांब्याचीच का, प्लंबर आला की पाणी वर चढतं कसं, फरशीवाला आला की ही फरशी थंड का लागते. लोक वैतागायचे आणि सांगायचे. चाळीस वर्षांत त्याला बांधकामातलं एवढं कळलं होतं की एखाद्या इंजिनिअरने वहीच काढून बसावं.

त्याच्या जोडीला होता बिभीषण. कर्जत तालुक्यातल्या एका गावचा, वयाने सहा-सात वर्षांनी लहान. बावीस वर्षांपूर्वी तो शलमोनकडे बिगारी म्हणून पाट्या उचलायला आला. थापी धरायला शलमोनने शिकवली. आठवडाभर नगरला खोली करून राहायचा, शनिवारी गावाकडे जायचा. शलमोन दिवसभर बोलायचा आणि बिभीषण दिवसभर ऐकायचा, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. बिभीषण थर रचायचा, शलमोन डोळा लावायचा. बावीस वर्षं हे असंच चाललं.

मोडलं ते फेब्रुवारीतल्या एका सकाळी, नगरच्या सावेडीत. रुपाली मॅडम नावाच्या एका शिक्षिकेच्या बंगल्याचं काम चालू होतं. वरच्या मजल्याची मागची भिंत बिभीषणने निम्मी चढवली होती. शलमोन खाली अंगणात उभा राहिला, मान मागे टाकली आणि वर बघितलं. भिंत हलली. नुसती हलली नाही, तर सगळीच्या सगळी एका कुशीवर कलंडून त्याच्या अंगावर यायला लागली. "पळा!" म्हणून तो ओरडला. बिगारी पाट्या टाकून पळाले. शलमोनने पाण्याचा ड्रम दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि डोळे मिटून वाट बघितली.

काहीच पडलं नाही. डोळे उघडले तेव्हा भिंत जागच्या जागी होती आणि सगळेजण त्याच्याकडे बघत होते. आता बघा, एखाद्याने म्हटलं असतं, मला जरा गरगरलं. पण चाळीस वर्षं ज्या डोळ्याने दगा दिला नाही, तो आजच खोटं बोलेल हे शलमोनच्या डोक्यातच आलं नाही. डोळ्याने भिंत कलताना बघितली, म्हणजे भिंत कलली. त्याने वर हाक मारून बिभीषणला सांगितलं की भिंत ओळंब्यात नाही, माल ओला आहे तोवर उतरवून टाक. बिभीषण जरा वेळ भिंतीच्या पलीकडे दिसेनासा झाला. मग कठड्याशी येऊन त्याने खाली शलमोनकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "उतरवतो."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण घाबरलेला माणूस नको तितका बोलतो. सगळ्या बिगाऱ्यांसमोर, मॅडमसमोर शलमोन म्हणाला, "बावीस वर्षं झाली, अजून तुझ्या हाताला सरळ-वाकडं कळत न्हाई. पाट्याच उचलायच्या हुत्यास."

एकेक वीट काढून, घासून, बिभीषणने रास लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी आपली थापी, रंधा, दोरी पिशवीत घातली, मॅडमना भेटला आणि कर्जतच्या एसटीत बसून निघून गेला. शलमोनला वाटलं, सोमवारी येईल. सोमवारी आला नाही. पुढच्याही सोमवारी आला नाही. फोन लावावा तर आपण का लावावा, चूक त्याची, असं शलमोनने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

भिंतीच्या त्या सकाळीनंतर चारच दिवसांनी पहाटे उठताना शलमोन उजव्या कुशीवर वळला आणि खोली फिरायला लागली. वरचा पंखा वीज नसल्यामुळे बंद होता, तरी गरगरत होता. त्याच्याबरोबर छतही गरगरत होतं, हे तर त्याहून नवल. शलमोनने मरियाचा हात धरला. काही क्षणांत सगळं थांबलं. मरियाने साखर-मिठाचं पाणी दिलं आणि कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली.

दवाखान्यात बीपी बरोबर निघालं, शुगर बरोबर निघाली. चक्करची गोळी मिळाली. गोळीने झोप भरपूर आली, चक्कर मात्र आपल्या सवडीने येत राहिली. शेजारचे म्हणाले पित्त. साडू म्हणाले मानेचा मणका, आणि आपला जुना पट्टा आणून दिला. तो घालून शलमोन दोन दिवस ताठ मानेने फिरला. ताठ मानेचा तो आधीही होताच, त्यामुळे कुणाला फरक कळला नाही. एका रविवारी चर्चमध्ये प्रार्थना संपल्यावर त्याने डोकं झटक्यात वर केलं आणि तो बाकावर कोसळला, तेव्हा मागच्या रतनबाईंना वाटलं की शलमोनला आज पवित्र आत्म्याचा विशेष स्पर्श झाला. मरियाने त्यांचा गैरसमज दूर केला नाही. नवऱ्याला चक्कर येते हे चारचौघांत गेलं तर काय होईल, हे तिलाही कळत होतं.

काय होणार होतं? चक्कर येणाऱ्या माणसाला कुणी परांचीवर चढू देत नाही, आणि देऊही नये. परांचीवर न चढणारा गवंडी म्हणजे कंपाउंडच्या भिंती आणि गटाराचे काठ. आणि डोळ्याचं नाव गेलं की मग शलमोन मिस्तरी हा नुसता शलमोन. म्हणून तो गप्प राहिला. सावेडीच्या बंगल्यावर त्याचं नशीब बरं होतं. मॅडमनी आपणहून सांगितलं होतं की किचनचा ओटा, देवघराचा कट्टा आणि खालचं बारीक काम मिस्तरींच्याच हातचं पाहिजे. वरच्या कामाला दुसरे आले. शलमोन खाली मान घालून ओटा घोटत राहिला. वर बघायचं टाळायचा. कुणी वरून हाक मारली तर पुतळ्यासारखा न बघताच उत्तर द्यायचा.

असे दोन महिने गेले. पण माणसाच्या भीतीपेक्षा त्याचा स्वभाव मोठा असतो. शलमोनला हळूहळू भीतीपेक्षा त्या चकरेचंच कुतूहल वाटायला लागलं. ही येते कधी? उभं असताना येत नाही. चालताना येत नाही. मग नेमकं काय केलं की येते? त्याने सुताराची पेन्सिल घेतली आणि खाटेजवळच्या भिंतीवर रेघा मारायला सुरुवात केली. उजव्या कुशीवर वळलं: आली. डाव्या कुशीवर: नाही. वर बघितलं: आली. खाली वाकून उठलं: आली, थोडी. आली की मनात आकडे मोजायचा. वीसच्या आसपास थांबायची. तीसपुढे कधी गेली नाही. लगेच पुन्हा वळलं तर कमी यायची, आणि वळल्याबरोबर न येता दोन-तीन आकडे थांबून मग यायची. याचं त्याला सगळ्यात नवल वाटलं. दार वाजवून थांबते आणि मग आत येते, अशी ही कसली चक्कर?

मरियाला रंगवलेल्या भिंतीवरच्या रेघा बघून राग आला. तिने ओल्या फडक्याने निम्म्या पुसल्या. शलमोनने पुन्हा काढल्या. शेवटी एका दुपारी तो म्हणाला, "मी आता उजवीकडं वळतो. तू फक्त माझ्या डोळ्याकडं बघ अन् काय दिसतं ते सांग."

तो आडवा झाला, वळला. दोन-तीन आकडे गेले. खोली सुटली. त्याने मिटायचे डोळे मुद्दाम उघडे ठेवले. मरियाने बघितलं आणि तोंडावर पदर धरला. सगळं थांबल्यावर तिने सांगितलं की एसटीच्या खिडकीतून पळते खांब बघणाऱ्या माणसाचे डोळे जसे भराभर सरकतात आणि झटक्याने परत येतात, तसे तुमचे डोळे सरकत होते. समोर तर काहीच हलत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

शलमोनला आनंद झाला. त्याने खाटेवरच उठून बसत मांडीवर थाप मारली. म्हणजे छत फिरत नव्हतं, पंखा फिरत नव्हता, फिरत होते ते डोळे! कोडं सुटल्याचा तो आनंद मोजून पाच मिनिटं टिकला. मग त्याला सावेडीची भिंत आठवली. ती पण वर बघतानाच हलली होती. आधी दोन-तीन आकडे थांबून. ती पण वीस आकड्यांनी जागेवर आली होती. मरियाने काय झालं विचारलं तर म्हणाला, काही नाही. जेवताना चपाती तशीच हातात धरून बसला.

दुसऱ्या दिवशी तो कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. चक्कर कानामुळेही येते, हे त्याने एका फरशीवाल्याकडून ऐकलं होतं आणि तेव्हापासून त्याला ते तपासून बघायचंच होतं. बाई तरुण होत्या. त्याने आपल्या रेघा तोंडपाठ सांगितल्या, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, काका, माझं निम्मं काम तुम्हीच करून आलात.

मग त्यांनी समजावून सांगितलं. कानाच्या आत, पडद्याच्याही पलीकडे, तीन वाकड्या नळ्या असतात, पाण्याने भरलेल्या. डोकं कसं वळलं हे त्या पाण्यावरून मेंदूला कळतं. शेजारच्या कप्प्यात बारीक कण असतात. त्यातले काही सुटून नळीत शिरले, की डोकं वळवल्यावर पाण्यात ते घसरत राहतात आणि मेंदूला वाटतं डोकं अजून फिरतंच आहे. कण घसरायला लागेपर्यंत एक-दोन क्षण जातात, म्हणून चक्कर थोडी थांबून येते. कण खाली बसले की ती थांबते.

शलमोन पुढे सरकून बसला होता. कण कसले, त्याने विचारलं. कॅल्शियमचे, बाई म्हणाल्या.

"म्हणजे चुना?"

बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, तसंच म्हणा हवं तर.

चाळीस वर्षं ज्याने सिमेंट-चुन्यात हात घातला त्याच्या कानातच चुना निघावा, याचं शलमोनला हसूही आलं आणि कौतुकही वाटलं. शिवाय नळीचं त्याला सांगायलाच नको होतं. घराची पातळी काढायला गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो, दोन टोकं दोन कोपऱ्यांवर धरतो आणि पाणी जिथे उभं राहील तिथे खूण करतो. नळीत हवेचा बुडबुडा अडकला असला तर ती नळी साफ खोटं सांगते, आणि कच्चा गवंडी त्या खोट्यावर घर बांधून मोकळा होतो. पक्का गवंडी आधी नळी तपासतो. बुडबुडा दिसला की ती वळवतो, आडवी करतो, टिचक्या मारतो आणि तो टोकाशी आणून बाहेर काढतो. शलमोनने हे सगळं बाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मी आता तुमच्या डोक्याचं तेच करणार आहे.

त्यांनी त्याला बसवून मान उजवीकडे वळवली आणि एकदम मागे आडवं केलं, डोकं पलंगाच्या काठाबाहेर. चक्कर कडाडून आली. शलमोनने मोठ्याने आकडे मोजले. ती थांबल्यावरही बाईंनी तसंच धरून ठेवलं. मग मान सावकाश डावीकडे. थांबा. मग अख्खा माणूस डाव्या कुशीवर, तोंड जमिनीकडे. थांबा. मग हळूच बसता केला. शलमोन प्रत्येक वेळी विचारत होता, आता कण कुठं पोचला, आणि बाई सांगत होत्या. एकदा सगळं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा आडवं केलं तेव्हा शलमोनने वीसपर्यंत मोजलं, तीसपर्यंत मोजलं, आणि छत छतासारखं शांत राहिलं.

बाईंनी बजावलं की दोन-चार दिवस अधांतरी वाटेल, आठवडाभर उंचावर चढायचं नाही, आणि हे परत येऊ शकतं. आलं तर घाबरायचं नाही, लपवायचंही नाही, सरळ इकडे यायचं. शलमोन बाहेर आला. रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने हळूच, चोरासारखी, मान वर केली. समोरच्या इमारतीची कड थेट वरपर्यंत सरळ गेली होती आणि तिथेच राहिली. त्याला फार बरं वाटलं, आणि लगेच फार वाईट वाटलं. कारण आता शंकाच उरली नव्हती. डोळा खोटा होता, भिंत खरी होती. ज्या माणसाला त्याने थापी धरायला शिकवली त्याची सरळ भिंत त्याने पाडायला लावली होती आणि वर त्याला पाट्या उचलायला सांगितलं होतं.

आता दोन वाटा होत्या. कुणाला काही न सांगता कर्जतला जायचं, बिभीषणची एकट्याची समजूत घालायची आणि नाव शाबूत ठेवायचं. शलमोनने ती वाट एक रात्रभर मनात घोळवून बघितली. पण अपमान चारचौघांत केला होता. सकाळी तो सावेडीला गेला, बिगारी, वरचे गवंडी, रुपाली मॅडम, सगळ्यांना अंगणात बोलावलं आणि सांगितलं की फेब्रुवारीत भिंत सरळ होती. मला चक्कर आली होती. तीन महिने मी ती लपवली. बिभीषणची काही चूक नव्हती.

वरच्या दोघा गवंड्यांनी एकमेकांकडे बघितलं, ते त्याला दिसलं. मग मॅडम म्हणाल्या, "म्हणजे बिभीषण बरोबर सांगत होते. जाताना ते मला म्हणाले होते, मिस्तरींना वर चढवू नका, खालचं काम त्यांच्या हातचं मागून घ्या. मला वाटलं, तुमच्या वयाचा मान ठेवायला सांगतायत."

शलमोन तसाच स्टँडवर गेला आणि कर्जतच्या गाडीत बसला. सगळ्या रस्त्याने त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता. जी गोष्ट मला स्वतःला तीन महिन्यांनी, रेघा मारून कळली, ती याला दुसऱ्याच दिवशी कशी कळली होती?

बिभीषण घरीच सापडला. गावात कुणाच्या तरी गोठ्याचं काम करून नुकताच जेवायला आला होता. त्याच्या बायकोने, छबूबाईने, पाणी दिलं आणि ती आत गेली. बिभीषणने या म्हटलं, बसा म्हटलं, आणि तो ताटावर बसला. शलमोनने वाटेत जुळवलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. कान, नळी, चुन्याचे कण, मरिया, डॉक्टरीणबाई. शेवटी म्हणाला, "तुझी भिंत सरळ हुती, बिभीषण."

"म्हाईत हाय," बिभीषण म्हणाला. "वर म्या ओळंबा सोडला हुता. दोरीला चिकटून उभी हुती भिंत."

शलमोनला आधी ते उमजलंच नाही. मग आठवलं, भिंतीच्या पलीकडे तो जरा वेळ दिसेनासा झाला होता.

"अन् खाली बघितलं तर तुमी ड्रम धरून उभे. तोंड पांढरं फटक, डोळे भिरभिर. माझ्या बापाला असंच व्हायचं. तवाच समजलो."

"अरे, मग तिथंच का न्हाई बोललास? भिंत सरळ हाय म्हनायचंस. मी तुला काय काय बोललो समद्यांसमोर."

बिभीषणने ताटातली भाकरी मोडली, पण खाल्ली नाही.

"बोललो असतो तर भिंत राह्यली असती, मिस्तरी. तुमी राह्यला नसता. समदे हुते तिथं. मिस्तरीचा डोळा गेला, एवढं एका बिगाऱ्यानं ऐकलं असतं तरी दुपारपतुर नगरभर झालं असतं. माझं काय, मला गावात गोठे हायेत बांधायला." जरा थांबून म्हणाला, "राग लई आला हुता. थांबलो असतो तर कवातरी तोंडातून गेलं असतं. म्हनून आलो निघून."

"मी आज सांगून आलो," शलमोन म्हणाला. "समद्यांना. अंगणात उभं करून."

बिभीषण त्याच्याकडे बघतच राहिला. तीन महिने जे त्याने दातांखाली धरून ठेवलं होतं, ते हा माणूस सकाळी सावेडीत वाटून आला होता. "आन मग म्या कशापायी गप बसलो हुतो?" तो म्हणाला. त्याला हसावं की चिडावं कळेना, आणि शेवटी तो हसला.

शलमोनला मात्र हसता आलं नाही. चाळीस वर्षं तो सगळ्यांना "का" विचारत आला होता आणि ऐकलेल्या प्रत्येक उत्तराने त्याला आनंद दिला होता. हे पहिलं उत्तर असं होतं की ते ऐकून त्याला तिथे बसवेना. त्याने गुडघ्यांत डोकं घातलं आणि तो रडला, चांगला हमसून रडला. छबूबाई दारात येऊन उभी राहिली आणि परत आत गेली.

बिभीषणने ताट बाजूला सारलं. शलमोनच्या जवळ येऊन बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"डोकं सावकाश वर घ्या, मिस्तरी," तो म्हणाला. "परत फिरंल."